बोटवाल्यांची तिसरी घंटा

रघुनाथराव पिसाळ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावाकडं होतो, माण तालुक्यात, आईच्या दारात. आई शेळीची मेख ठोकत होती. नुकत्याच व्यालेल्या शेळीला लिंबाच्या सावलीत बांधायचं होतं, आणि आमच्याकडच्या जमिनीत मेख घालायची म्हणजे खांदा निखळायची वेळ येते. आईच्या हातात हातोडी नव्हती. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं हातोडी नाहीच. आई मेखा ठोकते त्या एका पितळी लोळ्यानं... मोठ्या घंटेच्या आत जो लोंबत असतो आणि काठावर आपटून आवाज काढतो, तो लोळा. घंटा एका बोटीवरची, आणि बोट पिसाळांची. फोन मुंबईहून त्यांच्या पुतणीनं केला होता. पहाटे झोपेतच गेले, म्हणाली. मी फोन खिशात घातला. आईनं विचारलं, “कुनाचा रं फोन?” मी म्हणालो, “मालक गेले.” मालक हा शब्द मी कित्येक वर्षांत तोंडातून काढला नव्हता. त्या क्षणी तो कुठून आला कुणास ठाऊक. आईचा हात वर होता तो तसाच राहिला. मग तिनं मेखेवर आणखी दोन घाव घातले, दावं अडकवलं, लोळा पदरानं पुसला आणि घरात नेला. एरवी तो मेखेशेजारीच मातीत पडलेला असायचा. 

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. रघुनाथरावांचे आजोबा आमच्याच बाजूचे. दुष्काळात मुंबईला गेले, गोदीत पाठीवर पोती वाहिली, मग माल वाहायचा एक पडाव घेतला, मग एक बोट, मग जहाजं. पहिल्या बोटीचं नाव त्यांनी ‘माणगंगा’ ठेवलं. ज्या नदीत वर्षाचे दहा महिने वाळू असते तिचं नाव समुद्रावर तरंगणाऱ्या बोटीला द्यायचं, हा विनोद म्हाताऱ्याला कळला होता की नाही, देव जाणे. रघुनाथराव जन्मले ते समुद्र दिसणाऱ्या घरात. पुढं धंदा भावांच्या हवाली करून, ऐन चाळिशीत, लग्नबिग्न न करता हा माणूस साताऱ्यात येऊन राहिला. सांगलीत त्यानं एक छोटं नाट्यगृह बांधलं आणि आमच्या माणात पोरांना पळायला शिकवायला सुरुवात केली. नाटकवाले त्यांना ‘बोटवाले’ म्हणायचे. आमचे वडील त्यांच्याच गोदीत कमरेचा काटा ढिला होईपर्यंत राबून परत आलेले, त्यामुळं आमच्या घरात ‘मालक’. रघुनाथरावांना तो शब्द खपायचा नाही. “मी कुणाचा मालक नाही रे सदा,” म्हणायचे. पैसेवाल्यांना असं म्हणायला काही पडत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

नाटक आणि पळणं यांचा काय संबंध, असं त्यांना प्रत्येक जण विचारायचा. ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, “दम. दुसरं काय?” हे नुसतं बोलणं नव्हतं. सांगलीतल्या नटांना ते पहाटे कृष्णेच्या घाटावर पळवायचे. आमच्यात एक ज्येष्ठ नट होते, पोट सुटलेले, राजाच्या भूमिका करणारे. ते दोन पायऱ्या चढून धापा टाकत बसायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “ह्यो बोटवाला आमाला नाटकासाठी पाळतोय का पोलीस भरतीसाठी?” आणि तिकडं माणात, पळून आलेल्या पोरांना रघुनाथराव मोठ्यानं उतारे म्हणायला लावायचे. मेंढरामागं हिंडणारी पोरं ती. दम लागलेला असताना, घामाघूम, सम्राटाची स्वगतं म्हणायची आणि हसून लोळायची. मी त्यातलाच एक. पळण्यात माझा नंबर मागून मोजायला सोपा होता, पण आवाज टेकडीपलीकडच्या शेरडांना वळवणारा. रघुनाथरावांनी एका सकाळी मला बाजूला घेतलं. “तुझ्या पायात काही नाही, सदा. गळ्यात आहे. सांगलीला येतोस?” मी गेलो. रंगमंचावर झाडू मारण्यापासून सुरुवात केली, बारीकसारीक भूमिका केल्या, आणि हळूहळू ते नाट्यगृह सांभाळायला लागलो. आज मी जो काही आहे तो त्या एका वाक्यामुळं आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते लिहायलाच हवं.

‘माणगंगा’ मोडीत निघाली तेव्हा तिची घंटा रघुनाथरावांनी मागून घेतली होती. चांगली मोठी, जाड काठाची, पितळी घंटा. सांगलीच्या नाट्यगृहात उजव्या विंगेत ती टांगली होती आणि तिसरी घंटा म्हणून ती वाजायची. पहिल्या दोन घंटा कुणीही द्याव्यात, तिसरी रघुनाथराव स्वतः द्यायचे. आणि ती वेळेवर पडायची म्हणजे पडायचीच. प्रेक्षागृहात दोन माणसं असोत की दोनशे. एकदा जिल्ह्यातलं एक मोठं प्रस्थ लवाजम्यासह उशिरा आलं. दार बंद. बाहेर गडबड उडाली, कुणी धावत विंगेत आलं, “साहेब, दार उघडा, नंतर जड जाईल.” रघुनाथराव शांतपणे बाहेर गेले, त्या गृहस्थांना स्वतःच्या हातानं चहा दिला, आणि मध्यंतरापर्यंत पायरीवर त्यांच्याशेजारी बसून राहिले. दार उघडलं नाही. “बोट सुटायची वेळ झाली की ती सुटते,” असं ते म्हणायचे, “धक्क्यावर कोण उभं आहे हे खलाशानं बघायचं नसतं.” आम्ही सगळे त्या गोष्टी गावभर सांगत फिरायचो. फार अभिमान वाटायचा आम्हाला.

वर्षातून एकदा ती घंटा विंगेतून उतरायची, जीपमध्ये गोधडीत गुंडाळली जायची आणि आमच्याकडं यायची. गावच्या जत्रेनंतरच्या रविवारी रघुनाथराव लांब पल्ल्याची शर्यत भरवायचे. माळावर तिपाई उभी करून घंटा टांगायची, आणि सूर्याची कड डोंगरावर दिसली की दोरी ओढायची. पोरं सुटायची. उन्हं तापायच्या आत सगळी परत आलेली असायची आणि पिठलं-भाकरी खात बसलेली असायची. तिथं आले की रघुनाथराव आमच्या भाषेत बोलायचा प्रयत्न करायचे. “काय रं नामा, लय पळतुयास व्हय?” प्रत्येक शब्द असा जपून उच्चारायचे की पाठांतर केलंय हे कळावं. पोरं तोंड फिरवून हसायची. त्यांना ते कळायचं, तरी ते बोलायचे.

नामा म्हणजे नामदेव, माझा धाकटा भाऊ. हडकुळा, लांब पायांचा, बोलायला कमी. शेरडं चुकली की तो पायताण काढून टाकायचा आणि माळावरून असा निघायचा की बघत राहावं. फौजेत भरती व्हायचं त्याच्या डोक्यात होतं आणि ते होणार याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. रघुनाथरावांचा त्याच्यावर जीव होता. त्यांनी त्याच्यासाठी मुंबईहून बूट आणले तर हा ते गळ्यात अडकवून अनवाणी पळाला. “झिजत्याल की,” म्हणाला. आई त्याला रागवायची, “आरं, घालाय दिल्यात का मिरवाय?” घरात मी शहाणा, आणि तो लाडका. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तो होताच तसा.

त्या वर्षी शर्यतीला पाहुणे बोलवायचं ठरलं. आधी कधीच बोलावले नव्हते. पण माळाशेजारी सरकारी पड जमीन होती आणि तिथं पोरांसाठी कायमचं मैदान व्हावं, असं रघुनाथरावांच्या मनात कित्येक वर्षं होतं. बोटी विकत घेता येतात, सरकारी जमीन येत नाही. ती देणं ज्यांच्या हातात होतं ते गृहस्थ म्हणाले, मी स्वतः येतो, शर्यत माझ्या हस्ते सुरू करा, तिथंच जाहीर करतो. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते अजून आहेत, आणि अजूनही उशिराच येतात.

सूर्याची कड दिसली. पोरं रेषेवर उभी. घंटा टांगलेली. पाहुणे नाहीत. पंच मंडळी म्हणाली, घाटात आहेत, आलेच. पोरं अंग मोकळं करत राहिली. सूर्य वर आला, सावल्या आखडल्या. परत फोन झाला, परत ‘आलेच’. पोरं जीपच्या आडोशाला, बाभळीखाली, जिथं सावली मिळेल तिथं टेकली. पळायच्या आधी कुणी पोटभर खात नाही की पीत नाही. नामानं पहाटे गुळाचा खडा तोंडात टाकला होता तेवढाच. मी पाण्याची घागर घेऊन मोटरसायकलीपाशी उभा होतो. तो माझ्याजवळ आला. “दादा, मालकास्नी सांग की सोडा आता. ऊन पायात उतराय लागलंय.” मी रघुनाथरावांकडं गेलो. ते घंटेजवळच उभे होते, दोरी हातात. मी म्हणालो, “मालक, वाजवा. पोरं करपाय लागली.” त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. “पाचच मिनिटं, सदा. जागेचं आज होतंय. ही जागा एकदा मिळाली की पुढच्या सगळ्या पोरांची सोय होईल.” मी परत म्हणालो, “वाजवा.” त्यांचा हात दोरीवर घट्ट होता. त्यांनी ती ओढली नाही... सांगलीत ज्या माणसानं एवढ्या मोठ्या प्रस्थाला पायरीवर बसवून ठेवलं, तो माणूस माळावर दोरी धरून रस्त्याकडं बघत उभा राहिला. मला आजही तो हात दिसतो.

पाहुणे आले तेव्हा माळावरची हवा थरथरत होती. मग हार. मग नारळ. मग दोघातिघांची भाषणं. शेवटी पाहुण्यांनी मैदान मंजूर झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. रेषेवर उभ्या असलेल्या पोरांनीही वाजवल्या, नामानंही. रघुनाथरावांचा चेहरा उजळला होता, हे सांगायला हवं. मग घंटा झाली. शर्यत पुढं ढकला, असं कुणी म्हणालं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला बोलावून शर्यत रद्द कशी करायची? आमच्याकडं पाहुण्याचा मान राखताना बाकी सगळं राखायचं राहून जातं.

नामा पहिला होता. परतीच्या वाटेवर, बंधाऱ्याच्या चढाला, त्याचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. मी गाडी टाकून धावलो. तो खाली बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. मी डोक्यावर पाणी ओतलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण मला ओळखलं नाही. “शेरडं आली का?” म्हणाला. “आली रं, सगळी आली,” मी म्हणालो. दहिवडीचा रस्ता आम्ही जीपनं कसा कापला ते मला आठवत नाही. दवाखान्याच्या अलीकडंच तो गेला. रघुनाथरावांच्या मांडीवर त्याचे पाय होते.

घरी आणला तेव्हा आई रडली नाही लगेच. आमच्याकडच्या बायका शर्यत बघायला माळावर जात नाहीत, त्यामुळं तिला काहीच माहीत नव्हतं. ती त्याच्या कपाळाला हात लावून बसली. मग तिनं वर बघून सगळ्यांना विचारलं, “तांबडं फुटायला गेलता नव्हं त्यो? मग येवढं ऊन कुठनं लागलं त्येला?” अंगणात सगळा गाव होता. पंच होते, रघुनाथराव होते, मी होतो.  पाहुणे जेवून निघून गेले होते.

गावातून हळूहळू आईला सगळं कळलं, दोरी कुणाच्या हातात होती तेही. शर्यत बंद झाली. मैदान मात्र झालं, आणि त्याच्या दगडावर पाहुण्यांचं नाव ठसठशीत कोरलेलं आहे. रघुनाथरावांनी तिथं नामाचं नाव द्यावं म्हणून धडपड केली, पण आईनंच निरोप पाठवला, माझ्या लेकाचं नाव तिथं नगं. पहिलं वर्ष सरलं, तो दिवस आला, आणि सकाळी सकाळी रघुनाथराव एकटेच आमच्या दारात उभे राहिले. आई शेण काढत होती. त्यांनी पिशवीतून तो लोळा काढला. घंटेतून स्वतः सोडवून आणला होता. म्हणाले, “आई, ही घंटा आता तुमच्या ताब्यात. तुम्ही म्हणाल तेव्हाच वाजेल.” वयानं ते आईच्या बरोबरीचेच, पण आई म्हणाले. आईनं हात पुढं केला नाही. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि दाराबाहेरच्या दगडावर बसून राहिले, उघड्या डोक्यानं, नामा त्या दिवशी थांबला होता तेवढा वेळ. मग उठून गेले. आईनं पाणी विचारलं नाही. आमच्या घरात दारात आलेल्या कुत्र्यालाही पाणी मिळतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर ती त्या लोळ्यानं मेख ठोकत होती.

त्यानंतर दर वर्षी ते यायचे. एकही साल चुकलं नाही. दगडावर बसायचे, ऊन चढेपर्यंत. आई आपली कामं करत राहायची, त्यांच्या समोरून जायची-यायची, पण नजर देत नव्हती. त्यांनीही कधी काही मागितलं नाही. लोळा त्यांच्या डोळ्यांसमोर मातीत पडलेला असायचा. मला लोकांनी विचारलं, तू अजून त्यांच्याकडं कसा राहतोस रे? आपल्या भावाच्या... असं अर्धवट बोलून थांबायचे. मी सोडून जायचं ठरवलं होतं. बॅगही भरली होती. पण त्या आठवड्यात प्रयोग होता, म्हटलं तेवढा करून जाऊ. मग पुढचा आला. खरं सांगायचं तर मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरीकडं कुठं जीव लागला नसता. मी त्यांच्यावर रागावलेला होतो आणि तिथंच राहिलो. त्यांना हाक मारायची वेळ आली की मी हाकच मारायचो नाही, समोर जाऊन उभा राहायचो. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेसाठी विजेचं बटण बसवलं. कर्कश आवाजाचं. रघुनाथराव विंगेत यायचे बंद झाले, शेवटच्या रांगेत बसायला लागले. मी गावाहून परतलो की ते दर वेळी विचारायचे, “आई काही म्हणाल्या?” आणि मी सांगायचो, “न्हाई.”

कृष्णेला मोठा पूर आला तेव्हा पाणी आमच्या रंगमंचावर चढलं. उतरल्यावर आम्ही गाळ काढत होतो. पडदे सडले होते, खुर्च्यांना वास मारत होता. रघुनाथराव साताऱ्याहून आले आणि सरळ विंगेत गेले. घंटेत चिखल भरला होता. खाली बसून हातानं त्यांनी तो काढला, मग चिंच मागवून घासत बसले. लोळा नसलेली, वाजणार नसलेली घंटा. मला त्या दिवशी त्यांचा राग यायचा थांबला होता, थोडा वेळ. पुढं मुंबईहून त्यांच्याकडं येणारं सगळं आटलं. भावांचा धंदा बुडाला, जहाजं दुसऱ्यांची झाली. साताऱ्याच्या घरात ते आणि एक स्वयंपाकीण, एवढीच माणसं उरली. तरी ते जत्रेनंतरच्या रविवारी एस.टी.नं यायचे.

शेवटची भेट यंदाच्या जत्रेनंतरची. फार थकले होते. दगडावर बसताना त्यांना हाताचा आधार घ्यावा लागला. ऊन चढत होतं. आई चुलीपुढं होती. एकदम म्हणाली, “सदा, त्येला सावलीला बस म्हन.” मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी बाहेर जाऊन सांगितलं. त्यांनी मान वर केली. “आई म्हणाल्या?” “व्हय.”  ते सावलीत आले नाहीत. निघताना मात्र मातीतल्या लोळ्याकडं बघून मला म्हणाले, “पुढच्या वर्षी विचारून बघू का रे त्यांना?” मी म्हणालो, “बघा.” 

सांगलीत शोकसभा ठरली. मी गावातून निघालो तर आई पातळ बदलून दारात उभी. “मी बी येती.” आयुष्यात ती सांगलीला आली नव्हती. काखेत एक गठुडं होतं. मी तिला पहिल्या रांगेत कडेला बसवलं. रंगमंचावर हार घातलेला फोटो, खुर्च्या, माईक. नट आले होते, पोट सुटलेले राजेही आले होते, काठी टेकत. माणातून जुने धावपटू आले होते, त्यातले बरेच फौजेतून निवृत्त झालेले. सभेची वेळ झाली. वेळ उलटून गेली. कुणीच उठेना. आईनं मला खुणेनं बोलावलं. “कशापायी थांबल्यात?” “पाव्हनं यायचं हायती.” “कोन?” मी नाव सांगितलं. संयोजक माझ्या पाठीमागून म्हणाले, आलेच, पेठ नाका सोडलाय.

आई उठली. कुणाला काही न विचारता ती कडेच्या पायऱ्या चढून विंगेत गेली. मी मागोमाग गेलो. तिनं गठुडं सोडलं. लोळा राखेनं घासून लख्ख केला होता. घंटेकडं बोट करून म्हणाली, “लाव.” मी स्टुलावर चढलो. कडीत तार अडकवायला लागलो. ती खालून बोलत होती, मला की स्वतःला, कळत नव्हतं. “त्येनं एकदा मागितला असता तर दिला असता. त्येनं मागितलाच न्हाई. आन मी बी, पुढच्या साली बघू, पुढच्या साली बघू, करत बसले.” मी खाली उतरलो आणि दोरी ओढली.

आवाज बोदा आला. एवढी वर्षं लोखंडी मेखांवर आपटून लोळ्याचं तोंड पार चेपून गेलंय. ‘माणगंगे’चा तो जुना खणखणीत नाद आता निघत नाही, दबका, फुटक्या भांड्यासारखा निघतो. हल्ली काही जण म्हणतात, नवा लोळा ओतून घ्या. मी घेणार नाही. त्या संध्याकाळी तेवढ्या आवाजानंही काम झालं. आमचा प्रकाशयोजनेवाला म्हातारा झालाय, पण घंटा ऐकताच त्याचा हात सवयीनं गेला आणि प्रेक्षागृहातले दिवे मावळले. सगळे गप्प झाले. आई अंधारात माझ्याशेजारी उभी होती. नाद विरेपर्यंत तिनं ऐकलं.

“असाच आवाज हुता व्हय त्येचा?”

“व्हय आये, असाच.”

तिनं दोरीला हात लावून बघितला. मग हळू आवाजात म्हणाली, “मग दोरी हातात असताना, येळंवर वाजवाय काय झालं हुतं त्येला?”

आता प्रयोगाच्या दिवशी वेळ झाली की मी उजव्या विंगेत जातो, दाराकडं न बघता दोरी ओढतो.